माझ्या फरशीला डांबर फासणाऱ्याची गोष्ट

मित्रांनो, आता सांगते त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही. मी एक जुनी व्हॅन आहे. तुमची दुर्गाआजी कोथिंबीर घेऊन परत येईपर्यंत मधल्या सीटवर गप्प बसा आणि ऐका, मी माझा सूड कसा उगवला ते.

माझा सांगाडा मुळात माल वाहण्यासाठी घडवलेला. कारखान्यातच त्याला खिडक्या पाडल्या, सीटा बसवल्या, सरकतं दार लावलं आणि मी घरची गाडी झाले. दिसायला पावाच्या लादीसारखी, पण हाडाची मजबूत! खराडीच्या ऋषी आणि शेफालीने मला पहिल्यांदा घेतलं. ऑइल वेळेवर, सर्व्हिसिंग वेळेवर. मी त्यांना महाबळेश्वर दाखवलं, गणपतीपुळे दाखवलं. घाटात कधी धापा टाकल्या नाहीत. मग त्यांनी उंच, चकचकीत गाडी घेतली आणि मी श्यामसुंदरच्या हवाली झाले. मार्केट यार्डाजवळ जुन्या गाड्या विकायचा त्याचा धंदा.

त्या माणसाला मी या जन्मी माफ करणार नाही. गिऱ्हाईक मिळेपर्यंत म्हणून त्याने माझ्या सीटा उपटल्या आणि ओल्या पालेभाजीच्या गोण्या वाहिल्या. दोन पावसाळे वाहिल्या! भाजीचं पाणी फरशीत मुरलं, पत्रा कुजला. मग या महाशयांनी काय करावं? भोकांवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर डांबर, वर कोरं करकरीत मॅट. कुजक्या पत्र्यातच सीटा परत आवळल्या. म्हणजे जोरात ब्रेक मारला, की सीट माणसांसकट पुढे. सकाळच्या गारठ्यात मी खोकते, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधीच मला चालू करून तापवून ठेवायचा. आणि सांगायचा, "डॉक्टरीणबाईंची गाडी हो, फक्त रविवारी तळजाईला जायच्या!"

मित्रांनो, जुनी गाडी बघायला गेलात, की आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर म्हणा, "गार होऊ दे, तोवर चहा पिऊन येतो." सरकतं दार एका हाताने सरकतंय का, टायर एकाच कडेने झिजलाय का, ते बघा. आणि मॅट उचला! घेतल्यावरही फरशी कोरडी ठेवा. आम्ही गाड्या तिथूनच कुजायला लागतो.

खडकीच्या नागोरावांनी, म्हणजे तुमच्या आजोबांनी, मला घ्यायला आल्यावर यातलं काही केलं नाही. दसऱ्याला गाडी दारात हवी, एवढंच डोक्यात. आणि त्या कुजक्या पत्र्यावरच्या सीटवर तुम्ही बसणार होता! मी आतल्या आत ओरडत होते.

पण दुर्गाबाईंनी पूजेचं ताट बरोबरच आणलं होतं. बॉनेटवर स्वस्तिक काढून झालं, तशा त्या आत वाकल्या.

"लेकरं जिथं पाय ठेवतीन, तिथंबी हळदकुंकू लागते."

"मॅटवरच लावा की, मावशी," श्यामसुंदर घाईघाईने म्हणाला.

"प्लास्टिकले कुंकू लावते का कोणी?"

त्यांनी मॅट उचललं, काळ्या डांबरावर बोट टेकवलं, आणि बोट आत! पाठोपाठ मनगटापर्यंत हात आत.

"अवो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "हे गाडी हाये का चाळणी?"

"मावशी, ते हवा खेळती राहावी म्हणून..." श्यामसुंदर पुटपुटला.

आता माझी पाळी होती. मी सरकतं दार खाडकन उघडलं, दाराने त्याची कॉलर पकडली, त्याला आत ओढलं आणि चावीशिवाय निघाले! अख्ख्या मार्केट यार्डात त्याला फिरवला. हमाल पाठीवरच्या गोण्या टाकून बघत राहिले. कांद्याच्या ढिगावरून उडी मारली. भोकातून त्याचे पाय खाली लोंबत होते, चपला रस्त्यावर घासून संपल्या, आणि तो रडत होता, "व्हॅनबाई, ठिगळ लावून देतो!" मी गरजले, "ठिगळ नाही, अख्खी फरशी नवी!" आणि मग वळण घेतलं थेट...

"थांब वं!" दार सरकवून दुर्गाबाईंनी भाजीची पिशवी आत आदळली. "काऊन लेकरांपाशी खोटं बोलतं? जागची हाललीबी नव्हती तू. त्याची मान धरून त्या भोकात म्या घातली होती. वेल्डरले फोनबी त्यानं तिथूनच लावला!"