बावीचा गोल

"हा गोल काढून टाका, काशीराम."

ओव्हरसियरांनी नकाशावर बोट ठेवलं. कचेरीत अठरा वर्षं नकाशे गिरवणारा काशीराम साहेबांच्या चपला वाजल्या तरी उठून उभा राहायचा. कुणी भित्रा म्हटलं, तर तेही घाबरूनच कबूल करायचा.

"साहेब, ती बाव, म्हणजे विहीर आहे. खालची सगळी वाडी तिचंच पाणी पिते."

"बाव दिसली की कचरा डेपोची जागा नापास. जागा नापास की अनुदान परत. मग शहराचा कचरा काय तुमच्या अंगणात टाकू? मे महिन्यात तपासणी झाली, सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर, पाण्याचा थेंब नव्हता. अहवालात तसंच लिहिलंय."

लिहिलं होतं ते खरंच होतं. ऐन उन्हाळ्यात कातळावर पाणी शोधायला जाणाऱ्यांना दुसरं काय सापडणार?

पण श्रावणात काशीराम धाकट्या बहिणीकडे, मथुराकडे गेला होता. तिने त्याला भर पावसात सड्यावर नेलं, कातळातल्या एका भोकात सूपभर भाताचा तूस ओतला आणि म्हणाली, "आता घरी चल, दादा. उद्या बावीवर बघ."

सकाळी बावीच्या पाण्यावर तोच तूस तरंगत होता.

"ह्यो सडा वरनं दगूड, आतनं चाळण हाय," मथुरा म्हणाली. "आमचे म्हातारे असाच बघायचे. तुमी वर कचरा टाकनार, आनि खाली आमची पोरं त्येच पानी पिनार. तुझ्या कागदावर आमची बाव दाखव, दादा. येवढा कर."

त्याने दाखवली होती. वाटाण्याएवढा निळा गोल.

आता त्याने ब्लेड काढलं. ट्रेसिंगवरची शाई पुसली जात नाही, खरवडावी लागते. निवृत्तीला चार वर्षं उरली होती; पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? गोल गेला. त्या जागी कागद पातळ झाला. त्या दिवशी त्याचा डबा तसाच घरी परत गेला.

गौरी-गणपती उरकल्यावर अनुदान मंजूर करणारे साहेब मुंबईहून आले. त्यांनी नकाशा खिडकीच्या उजेडात धरला. काशीराम दाराशी उभा होता.

"इथे काय खरवडलंय?"

"शाई सांडली होती, साहेब," ओव्हरसियर चटकन म्हणाले. "आमचा ट्रेसर जरा धांदरट आहे. काय हो, काशीराम?"

नुसती मान हलवायची होती. अठरा वर्षं त्याने तेच केलं होतं. पण आज मान हलेचना. भीती कमी झाली नव्हती. डोळ्यांपुढे मात्र तो तूस तरंगत होता.

"बाव आहे, साहेब. माझ्या बहिणीच्या वाडीतली. मीच खरवडली."

मुंबईच्या साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला आणि शाईचं पेन त्याच्यापुढे धरलं.

"काढा परत."

ओव्हरसियर ज्या नजरेने बघत होते, ती पुढची चारही वर्षं पुरली असती. काशीराम वाकला. गोल वाकडाच आला. खरवडलेल्या कागदावर शाई थांबत नाही. ती पसरत गेली आणि बाव आधीपेक्षा मोठी झाली.