काकूंच्या भुवया

काकू कपडे दुरुस्त करायच्या. चेन बदलणं, बाह्या आखूड करणं, कंबर सैल करणं, असली कामं. उभा जन्म सुईच्या नेढ्याकडे डोळे बारीक करून बघण्यात गेला, त्यामुळे दोन भुवयांच्या मधोमध दोन उभ्या आठ्या अशा बसल्या होत्या, की कुणी चिमटा घेऊन टाका मारून ठेवलाय असं वाटावं. मनात काही नसलं तरी चेहरा आपला वैतागलेला. गिऱ्हाईक दारातच थबकायचं.

"काकू, नंतर येऊ का?"

"अगं ये की! हसतेय मी."

"हे हसणं?"

नणंद तर तोंडावरच बोलायची. "वहिनी, वय झालंय ते दिसू दे. माझंही झालंय. पण तू म्हातारी दिसत नाहीस, भांडून आल्यासारखी दिसतेस."

"वन्सं, तुमच्या घरात आल्यापासूनच झालाय हा चेहरा."

"म्हणून तर मीच नेते तुला डॉक्टरकडे. आमचं पाप आम्हीच फेडतो."

कातडीची डॉक्टर लेकीच्या वयाची होती. तिने दिवा ओढून काकूंचा चेहरा निवांत पाहिला, हसायला लावलं, रागवायला लावलं. मग म्हणाली, "काकू, तरुण करून देते असं मी कुणाला सांगत नाही. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या छान आहेत, राहू देत. गालावरचे डाग मलमाने फिके होतील, फक्त उन्हात जाताना हे दुसरं लावायचं. मधल्या आठ्यांना सुईने थोडं औषध दिलं, की तिथले स्नायू तीन-चार महिने सैल पडतात. तेवढं पुरे."

"आणि वरचं कपाळ?" नणंद पुढे सरकली. "तिथे काय कमी रेघा आहेत?"

"तिथेही देता येईल. पण मग भुवया फारशा उचलता यायच्या नाहीत. काकू, तुमच्या कामात चेहरा लागतो का? गाणं, नाटक, शिकवणं असं काही?"

"मला?" काकूंना हसूच आलं. "मी शिवते, बाई. माझ्या भुवयांना कसलं आलंय काम! द्या टोचून."

आणि इथेच काकू चुकल्या.

काकूंचे यजमान, म्हणजे काका, जन्मापासून ऐकू न येणारे. भाड्याच्या शेडमध्ये लाकडी सामानाला पॉलिश करायचे. लग्न झाल्यापासून दोघं हातांनीच बोलत आलेली. खुणा कुणी शिकवलेल्या नव्हत्या, घरातल्या घरात घडलेल्या. कपाची खूण केली की चहा, नाकाचा शेंडा वर केला की नणंद. पण प्रश्नाची अशी खूण त्यात नव्हतीच, कारण तिच्यावाचून कधी अडलं नव्हतं. कपाची खूण केली आणि भुवया वर गेल्या, की 'चहा घेणार?' भुवया जागच्या जागी राहिल्या, की 'चहा ठेवलाय, या.' काकू हे इतकं सहज करायच्या, की आपण काही करतो हेच त्यांना माहीत नव्हतं. पायरी उतरताना गुडघा वाकतो, ते कोण लक्षात ठेवतं?

दोनेक आठवड्यांत कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट झालं. गिऱ्हाइकं बिनधास्त आत येऊ लागली. "काकू, कुठे विश्रांती घेऊन आलात? ताज्या दिसताय!" काकांनीही आपल्या चेहऱ्याभोवती बोट फिरवून 'छान' अशी खूण केली, तेव्हा काकू या वयात लाजल्या.

मग घरात एक नवल घडू लागलं. काका गुणी झाले. काकूंनी 'जेवायचं?' म्हणावं, की हातातलं काम टाकून ताटावर हजर. 'खिडकी लावायची?' म्हणावं, की उठून खिडकी लावून मोकळे. पूर्वी पंख्याच्या वेगावरून अर्धा तास हुज्जत घालणारा माणूस आता प्रत्येक गोष्टीला मान डोलवायचा आणि गप्प बसायचा. काकूंना आधी बरं वाटलं. नंतर घर ओकंओकं वाटू लागलं.

त्यात काकांचा खोकला. पॉलिशच्या वासाने छाती भरायची. दरवर्षी काकू एकदा तरी विचारायच्या, 'शेड बंद करायची?' आणि दरवर्षी काका दोन्ही हात झाडून असं भांडायचे, की शेजारचे खिडकीत यायचे. यंदाही काकूंनी विचारलं. शेडची खूण केली, कुलपाची खूण केली. काका त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मान डोलावली.

थकला माणूस, काकूंना वाटलं. मनाने घेतलंय तर आपण कशाला अडवायचं?

त्याच आठवड्यात डबा द्यायला त्या शेडवर गेल्या. बघतात तर भिंती मोकळ्या. ब्रश धुऊन, सुतळीने बांधून ठेवलेले. पॉलिशचे डबे खोक्यात. काका पालथ्या बादलीवर बसलेले, हात मांडीवर पडलेले. काकूंनी कुलपाकडे बोट दाखवलं. काकांनी सांगितलं, 'किल्ली मालकाला दिली. तू म्हणालीस ना, बंद.'

मी म्हणाले? मी तर विचारलं होतं! काकूंचे हात वर गेले आणि हवेतच थांबले. 'विचारलं' कसं सांगायचं? खूणच नाही. त्यांनी परत शेड केली, कुलूप केलं. काकांनी थकून मान हलवली, 'हो, कळलं, किती वेळा सांगशील?' काकूंनी जीव खाऊन भुवया उचलायचा प्रयत्न केला. कपाळ ढिम्म हलेना. आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जेवण, खिडकी, सगळं. हा माणूस इतके दिवस आपले हुकूम पाळत होता.

त्यांनी डावा हात कपाळावर नेला, अंगठ्याने एक भुवई आणि मधल्या बोटाने दुसरी वर ढकलून धरली, आणि उजव्या हाताने शेड केली, कुलूप केलं.

काका बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि ते मोठ्याने, घशातून हसले. हसता हसता उभे राहिले आणि दोन्ही हात झाडून म्हणाले, 'नाही! नाही! नाही!' मग जे भांडण सुरू झालं! 'रोज रात्री दूध प्यायला लावलंस! मला दूध आवडतं? आणि खिडकी? गुदमरलो मी!' काकू रडत होत्या आणि बोटांनी भुवया धरून पुढचं विचारत होत्या, 'मग डॉक्टरला छाती दाखवाल? तोंडाला फडकं बांधाल?' दोन्हीला काका 'हो' म्हणाले, पण घासाघीस करून.

किल्ली आणायला नणंद गेली. "माझ्या भावाने घाई केली, द्या इकडे," एवढंच ती बोलली म्हणे. मालक तिला ओळखून होता, त्याने मुकाट्याने दिली.

औषधाचा जोर ओसरेपर्यंत काकूंनी भुवया हातानेच उचलल्या. चार महिन्यांनी त्या पुन्हा डॉक्टरकडे गेल्या, या वेळी काकांना घेऊन.

"डाग गेले, छान झालं. मलम चालू ठेवते," काकू म्हणाल्या. "मधल्या आठ्या थोड्या सैल करा, अगदी गायब नको. गिऱ्हाईक पळू नये इतपत. वरच्या कपाळाला मात्र हात लावायचा नाही. त्याच्यावाचून आमच्या घरात भांडण होत नाही."

डॉक्टरने आधी सगळी हकिगत ऐकून घेतली. मग म्हणाली, "ह्यांना काहीतरी विचारा. भुवया कशा चालतात ते बघून टोचायच्या जागी खुणा करते."

काकूंनी विचारलं, 'घाबरलात?' कपाळावर आडव्या रेघा उमटल्या, एकीखाली एक. काकांनी जोरात मान हलवली, अजिबात नाही. डॉक्टरने पेन्सिलीने खाली, अगदी खाली, बारीक ठिपके काढले.

सुई टोचून झाली. काकू खुर्चीतून उतरल्या तर काका त्या खुर्चीत जाऊन बसले. आपल्या डोळ्यांखालच्या फुगीर पिशव्यांवर त्यांनी एकेक बोट ठेवलं आणि डॉक्टरकडे बघून भुवया वर नेल्या.

"हे काय म्हणतायत, ते सांगायला नको," डॉक्टर म्हणाली, आणि तिने दिवा त्यांच्याकडे वळवला.