स्टुलावरचा ग्लास

आजोबांनी नातीला ‘इंजिनिअर’ म्हणायला सुरुवात केली आणि पोरीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आजोबांचं उजवं अंग लुळं पडल्यापासून आत्या त्यांना नजरेआड होऊ देत नसे. पण ते मागच्या खोलीत आणि तिचं शिवणकाम पुढच्या. मशीन सुरू झाली की हाक ऐकू येत नसे. मग इंजिनिअरने घरातला जुना व्हिडिओ कॅमेरा आजोबांच्या पलंगासमोर बसवला, कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपवर आणणाऱ्या काडेपेटीएवढ्या कॅप्चर डब्यातून त्याची वायर लॅपटॉपला जोडली आणि लॅपटॉप आत्याच्या मशीनशेजारी ठेवला.

“काही लागलं की कॅमेऱ्याकडे हात करायचा, आजोबा. आत्या पळत येईल.”

“बाबा, आता टीव्हीवर दिसताय, दाढी तरी करून घ्या!” आत्या म्हणाली.

काही दिवस झकास गेले. मग लॅपटॉपने आपल्या मनाने अपडेट घेतलं आणि डबा बिथरला. मधूनच पडदा काळा ठिक्कर पडायचा. आत्या हातातलं कापड टाकून धावायची, तर आजोबा आत खुशाल घोरत असायचे. ती परत येईस्तोवर चित्रही परतलेलं.

“एक दिवस माझाच जीव जाईल! घाल तो डबा भंगारात.”

इंजिनिअरने वायर बदलली, पोर्ट बदलला. मैत्रिणीच्या लॅपटॉपला लावला तर डबा सुतासारखा सरळ! म्हणजे खोट ड्रायव्हरमध्ये. डबा आणि लॅपटॉप यांच्यात दुभाष्याचं काम करणारा तो प्रोग्राम अपडेटनंतर अधूनमधून तोंड मिटून बसत होता. तिने जुना ड्रायव्हर घातला की लॅपटॉप तो काढून पुन्हा नवाच बसवायचा. इकडे परीक्षा डोक्यावर, तिकडे आत्याची कटकट. शेवटी सेटिंगमध्ये तिला एक चौकोन सापडला: ‘सिग्नल तुटल्यास शेवटचं चित्र ठेवा.’ तिने टिचकी मारली. काळा पडदा गायब!

“झालं दुरुस्त?”

“एकदम!”

“शाब्बास, इंजिनिअर,” आजोबा अडखळत्या जिभेने म्हणाले. ती दिवसभर हवेत होती.

परीक्षा संपली त्या दुपारी ती दप्तर भिरकावत घरात शिरली.

“हळू गं! बाबा झोपलेत. मघापासून बघतेय, कूससुद्धा बदललेली नाही.”

पडद्यावर आजोबा पांघरुणात होते. उशाशी स्टूल, स्टुलावर हिरवा ग्लास. इंजिनिअरची नजर मशीनकडे गेली. आत्याच्या कोपराशी तोच हिरवा ग्लास होता.

“आत्या, हा इथे कसा?”

“गोळी दिली आणि येताना घेऊन आले. का गं?”

“मग तिथे कुठला आहे?”

मशीनचं चाक थांबलं. दोघी धावल्या.

आजोबा पलंगाजवळ जमिनीवर पालथे पडले होते. अंग गार. डावा हात पुढे ताणलेला, बोटं कॅमेऱ्याकडे.

डॉक्टर आले, गेले. शेजारीपाजारी जमले. आत्या भिंतीला टेकून बसली होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “दुरुस्त झालं होतं ना गं?”



“नाही, आत्या. बिघडलेलं तुला दिसू नये, एवढंच मी केलं होतं.”

आत्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

पुढच्या खोलीतला लॅपटॉप बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. तिथे आजोबा पांघरूण घेऊन गाढ झोपले होते.