मानाचा बैल, व्हिडिओवर

डॉक्टरांनी उमादेवींना डोळ्यांत थेंब टाकायला सांगितलं होतं, आणि स्क्रीनपासून लांब राहायलाही. त्यातलं थेंबाचं तेवढं त्यांनी ऐकलं. धाराशिवात घराच्या मागच्या खोलीत ज्वारीच्या कणगीवर फळी, फळीवर लॅपटॉप, आणि लॅपटॉपात दिवसभर भांडणारी माणसं. वकिली सोडल्यावर कोर्टाकडून त्यांच्याकडं मध्यस्थीची कामं येत. मध्यस्थानं न्याय द्यायचा नसतो. दोघांना बोलतं करायचं, आणि वाट सापडली की ती तुम्हीच शोधली म्हणून त्यांची पाठ थोपटायची. ह्या कामानं त्यांचं घर इतकं भरून गेलं होतं की घरची मांजरसुद्धा, म्हणे, दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय दुधाला तोंड लावत नसे.

ईट गावाच्या शिवारातल्या एका वस्तीचं भांडण त्यांच्याकडं आलं तेव्हा पहिली बैठक समोरासमोर झाली होती, तालुक्याच्या गावी. बोलणं सुरू व्हायच्या आतच कुणाची तरी चप्पल हवेत उठली, पंख्याला लागली, आणि उमादेवींच्या चहात येऊन बसली. कुणाची म्हणून विचारलं तर कुणाचीच नाही. कबूल करावं तर केस वाढायची. दोन्हीकडची मंडळी छाती काढून बाहेर पडली. त्यांतल्या एकाचा एक पाय अनवाणी होता, आणि सगळ्यांत ताठ तोच चालत होता. तेव्हा पुढच्या बैठका व्हिडिओवर घ्यायचं ठरलं. फोनमधून चप्पल जात नाही, हा ह्या सोयीचा सगळ्यांत मोठा गुण.

भांडण पोळ्याच्या मानाचं होतं. वस्तीत एकाच पणज्याची दोन घरं, गल्लीच्या अल्याड-पल्याड. वरच्या घरचे बिभीषणतात्या, खालच्या घरचा त्यांचा चुलतपुतण्या अमरसिंह. पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिला बैल जायचा तो तात्यांच्या घरचा. तो गेल्याशिवाय बाकीच्यांनी पाऊल टाकायचं नाही. गेल्या वर्षी अमरसिंहानं आपली नवी खिलार जोडी मध्येच पुढं काढली. त्याचं म्हणणं, मान जोडीला असतो. तात्यांकडं उरलाय एकटा हौशा बैल, तोही चालताना झोपणारा. मग काठ्या निघाल्या, दोन्हीकडून तक्रारी झाल्या. आता पोळा पुन्हा तोंडावर आला होता, आणि तात्यांचं एकच म्हणणं होतं, "म्या हाय तवर मान आमच्या घराचा. म्या गेल्यावर तोरण बांधा न्हायतर काडा."

त्यांना दुसरं काही नको होतं, आणि ह्याच्यावाचून ते जगतील असं वाटत नव्हतं.

व्हिडिओवर बसायचं म्हणजे एकेकट्यानं बसायचं, असं उमादेवींनी सांगून ठेवलं होतं. पण वस्तीवर एकटं बसतो तो आजारी तरी असतो नाहीतर रुसलेला. तात्यांच्या मागं सगळी भावकी दाटीवाटीनं उभी, अमरसिंहाच्या मागं त्याची. फोन धरायला तात्यांची सून करिश्मा. घरं इतकी जवळ की तात्यांनी दिलेली शिवी अमरसिंहाला आधी गल्लीतून ऐकू यायची आणि मग फोनमधून. एका शिवीला तो दोनदा चिडायचा.

पहिल्याच दिवशी दोन्हीकडून तक्रार आली.

"बाई निसत्या त्याच्याकडंच बगतेत," तात्या म्हणाले.

"माज्याकडं? मॅडम सारख्या तात्यांकडंच बगत हुत्या," अमरसिंह म्हणाला.

खरं म्हणजे उमादेवी दोघांच्याही चेहऱ्यांकडं बघत होत्या. पण पडद्यावरच्या चेहऱ्याकडं बघितलं की समोरच्याला आपली नजर दुसरीकडंच दिसते. तेव्हापासून त्या लॅपटॉपच्या वरच्या काळ्या ठिपक्याकडं, म्हणजे कॅमेऱ्याकडं बघून बोलायला लागल्या. त्यामुळं दोघांनाही वाटायचं, बाई आपल्याकडंच बघतायत, आणि उमादेवींना मात्र कुणीच दिसायचं नाही. मान आखडायची ती वेगळीच.

दुसऱ्या बैठकीत त्यांच्याकडून चूक झाली. दोघं एकदम बोलायला लागले की एकाचा आवाज बंद करायचा, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्यांनी तात्यांचा बंद केला. तात्यांचे ओठ हलत होते, मिशा हलत होत्या, हात वर जात होता, आणि फोनमधून फुंकरसुद्धा बाहेर येत नव्हती. खालच्या घरात कुणीतरी खुदकन हसलं. ज्या माणसाचं बोलणं संपेपर्यंत वस्तीतलं कुत्रंही भुंकत नसे, त्याचं तोंड भावकीदेखत मिटवलं गेलं होतं. तात्या उठून गेले. करिश्माचा निरोप आला, "तात्या म्हनतेत, तोंडाला कुलूप लावनाऱ्या बाईपुढं म्या बसनार न्हाय."

उमादेवींनी फोन लावला. "तात्या, चुकलं माझं. वडीलधाऱ्याला असं करायला नको होतं."

"मग आता?"

"आता तुम्ही एकट्यानं माझ्याशी बोला. माझाच आवाज बंद ठेवते."

हे त्या काही हुशारीनं बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांच्यात बोलायचं त्राणच नव्हतं. सकाळी सासू-सुनेचं एक भांडण, दुपारी बांधाचं एक, आणि घसा कोरडा पडलेला.

तात्या एकटे बसले. करिश्मानं फोन तांब्याला टेकवून ठेवला आणि ती बाहेर गेली. तेवढ्यात तांब्या सरकला, फोन उताणा पडला आणि पडद्यावर नुसते छपराचे पत्रे आले. उमादेवी पत्र्यांकडं बघत राहिल्या. तात्या बोलत होते. पणज्यानं तोरण कसं बांधलं ते, निजामाच्या काळात रझाकार येणार म्हणून पोळा पहाटेच कसा उरकला ते, एका सालचा बैल तोरण शिंगावर घेऊन थेट कळंबच्या बाजारापर्यंत कसा गेला आणि बाजारानं त्याला कसा रामराम घातला ते. उमादेवींनी मध्ये हूं की चूं केलं नाही. बऱ्याच वेळानं पत्र्यातून आवाज आला, "बाई, हायसा का गेलासा?"

"आहे तात्या. ऐकतेय."

"इतकं कुनी ऐकलं न्हाय माजं. ह्ये अमरसिंहाला ऐकू जातं का?"

"नाही. ही खोली वेगळी आहे. इथं फक्त तुम्ही आणि मी."

"कसली खोली? मदी भित बी न्हाय."

"भिंत नाही, पण ऐकू जात नाही."

तात्यांनी उठून दार लोटलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "मग ऐका. हौशाच्या जोडीला म्या कर्नाटकातनं बैल घेतलाय. शिंगं अशी, की टेंपोत बैल मावला पर शिंगं मावली न्हाईत, ती मागच्या गाडीतनं येनारेत. अमरसिंहाला ह्ये कळता कामा नये."

"नाही कळणार," उमादेवी म्हणाल्या, आणि डोळ्यांत थेंब टाकून पुढच्या भांडणाकडं वळल्या.

दुसऱ्या दिवशी अमरसिंहाची पाळी आली. त्यानं बसल्या बसल्याच विचारलं, "तात्या काय म्हनले?"

"ते त्यांचं त्यांच्यापाशी."

"थोडं तरी सांगा की."

"तुम्ही जे सांगाल तेही त्यांना असंच सांगणार नाही."

अमरसिंह रागानं उठला, दारापर्यंत गेला, परत आला. त्या दिवशी काहीच बोलला नाही, पण फोनही बंद केला नाही. उमादेवी त्याच्या विहिरीच्या मोटारीची घरघर ऐकत बसल्या.

पुढच्या बैठकीला तात्या दार लावून एकटेच बसले होते, फोन स्वतः नीट धरला होता. चेहरा अर्धाच दिसत होता, मिशीपासून वर.

"बाई, ती बैलाची गोष्ट खोटी हुती."

"कोणती? शिंगांची?"

"समदी. म्या मुद्दाम टाकली तुमच्यात. म्हनलं, बगू कुटनं भाईर येती. अमरसिंहाच्या कानावर गेली असती तर त्यानं ऊन बगितलं नसतं का सावली, गाडी काडून कर्नाटकात बैल बगायला पळाला असता. पर न्हाय पळाला. त्याची जोडी दावणीलाच, त्यो बी दावणीलाच." ते थांबले. "तुमच्यात टाकलेलं तुमच्यातच ऱ्हातंय."

उमादेवी काळ्या ठिपक्याकडं बघत होत्या. इतकं बोलल्यावर माणूस एक तर हसतो किंवा रडतो, हे त्यांना माहीत होतं. तात्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"हौशा न्हाय आता," ते म्हणाले. "उनाळ्यात लेकीकडं धाडला हुता माकनीला. धरनाच्या कडंला हिरवं मिळतंय म्हनून. तितंच गेला. हितं समद्यांस्नी सांगितलं, रातीच्या टेंपोनं परत आनला. गोट्याचं दार लावून घेतो. सांजच्याला आत जाऊन घुंगरमाळ हालवतो, वैरन टाकतो, सकाळी तीच वैरन गुपचूप काडतो. सुनंला ठावं हाय, बाकी कुनाला न्हाय." त्यांनी नाक पुसलं. "मान मिळाला तर बैल कुटनं आनू? न मिळाला तर तोंड कुटं घिऊ? सांगा तुमीच."

"हे मी अमरसिंहाला सांगू का? तुमच्या परवानगीनं?"

"नगा."

"बरं."

उमादेवींना त्या रिकाम्या गोठ्याचं ओझं वाटायला लागलं. दिवसभरात त्यांच्याकडं अशी पुष्कळ ओझी येत, आणि एकही उतरवायला जागा नसे. पाणी पिऊन त्यांनी अमरसिंहाला एकट्याला बोलावलं. आज तो आपण होऊन बोलला.

"मॅडम, तुमी तात्यांचं मला सांगितलं न्हाय. म्हंजी माजं बी त्यांना सांगनार न्हाय, व्हय ना?"

"नाही सांगणार."

"तात्यांच्या गोट्यात बैल न्हाय."

उमादेवींचा चेहरा जागचा हलला नाही. तीस वर्षांच्या वकिलीतून त्यांच्या हाती राहिलेली ती एवढीच कमाई.

"घुंगरं वाजतेत, पर शेण भाईर पडत न्हाय," अमरसिंह म्हणाला. "बैल खातो, पितो, घुंगरं वाजवतो आन शेण टाकत न्हाय, असा बैल कुटं असतो? इंद्राच्या गोट्यात बी नसंल."

"मग भांडताय कशाला? सोडून द्या ना मान."

"गेल्या साली खरं भांडलो. ते चुकलं. पर अवंदा म्या मागं सरलो, तर पोळ्यादिवशी तात्यांनी तोरणाखाली काय न्यायचं? घुंगरमाळ? भांडन चालू हाय तवर बरं हाय. मिटलं की म्हातारा उघडा पडला." त्यानं फोन तोंडाजवळ घेतला. "त्यास्नी सांगू नका हं. मरंल त्यो लाजंनं."

आता उमादेवींकडं एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी येऊन बसली होती, आणि ती कुणालाच द्यायची नव्हती. वैताग यावा तर तोही येईना, इतक्या त्या दमल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "न सांगता काय करता येईल, ते तुम्हीच बघा. तात्यांना बोलावू?"

अमरसिंहानं डोकं खाजवलं. "बोलवा."

दोन्ही चौकोन उघडले. दोन्हीकडं भावकी पुन्हा गोळा झाली होती. अमरसिंहानं घसा खाकरला.

"तात्या, माजा डावा बैल लई बुजतो. गर्दी बगितली की पळतो. पोळ्याला त्याचा कासरा तुमी धरता का? हौशा तर थकलाय, त्याला कशाला दगदग. तुमी म्होरं, म्या मागनं."

तात्या हलले नाहीत. चित्र अडकलं असं उमादेवींना वाटलं, पण त्यांच्या मागून एक कोंबडी शांतपणे गेली. म्हणजे अडकलं नव्हतं.

"कवापसनं बुजतो?" तात्यांनी विचारलं.

"आल्यापसनं."

"काल तुजी पोरं त्याच्या पोटाखालनं पळत हुती."

अमरसिंह सदऱ्याची बटणं चाचपायला लागला. तात्यांनी फोन जवळ घेतला. आता नुसता एक डोळा दिसत होता, म्हातारा, पाण्यानं भरलेला.

"बाई, तुमी काय बोललासा का ह्याला?"

"नाही, तात्या."

तो डोळा त्यांच्याकडं बघत राहिला. उमादेवींनी त्या काळ्या ठिपक्याकडं बघायचं सोडलं आणि पडद्यावरच्या त्याच डोळ्याकडं बघितलं. नजर चुकली तर चुकू दे. मग डोळा मिटला, उघडला.

"न्हाय बोलल्या," तात्या स्वतःशीच म्हणाले. "मंग ह्याला आपलं आपनच ठावं." फोन लांब गेला. "हौशा गेला, अमरसिंह. माकनीला. धरनाच्या कडंला पुरला."

"व्हय, तात्या."

भावकीतनं कुणी हसलं नाही.

"कवाचं ठावं हाय तुला?"

"लई दिवसाचं."

"आन तरी भांडत हुतास?"

"मंग काय करू? तुमाला वेशीत रिकामं उबं करू?"

तात्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते. मग एकदम म्हणाले, "शिंगं म्या रंगवनार."

"रंगवा की."

"तुज्या बापाला कवाच रंग जमला न्हाय. हिरव्यावर निळा. बैल हाय का मोर हाय, कळंना."

"माज्या बापाचं काडू नका, तात्या."

"काडनार. हितं ये, दावतो तुला रंग कसला असतो त्यो."

"तुमीच या. बैल हितं हाय."

फोन खाटेवर टाकल्याचा आवाज झाला, मग दुसऱ्या घरातही. पावलं गेली, माणसं गेली, दोन्ही चौकोन रिकामे झाले. एकात पत्रे, दुसऱ्यात मोटारीच्या पाइपाचं टोक. लांबून, गल्लीतून, हिंगुळ की हिरवा ह्यावर जोराजोरात बोलणं चालू होतं. दोन्ही फोन चालूच होते. बाई अजून बसल्यात, हे वस्तीत कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं.

समेटाच्या अटी लिहून घ्यायच्या होत्या. सही कोण कुणाच्या फोनवर करणार, हे विचारायचं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात पुढच्या भांडणातली माणसं आत घ्या म्हणून वाट बघत होती. एक नवरा, एक बायको, दोन वेगळ्या गावांतले. उमादेवींनी चष्मा काढून फळीवर ठेवला, कपाळ हातांवर टेकवलं, आणि त्या नवरा-बायकोला आणखी थोडा वेळ बाहेरच बसू दिलं.