पंप, सांगाडा आणि ऑरिन

ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या त्या मोटारघरांच्या तळावर कुणाच्या मोटारघराची मैल्याची टाकी उपसायची असली, की शेजारी घडीच्या खुर्च्या घेऊन बघायला बसत. निवृत्त माणसांना तेवढीच करमणूक. आज तर व्हर्लनचा पंपच चालत नव्हता, त्यामुळे गर्दी बरी होती. सगळ्यात पुढची खुर्ची शेजारच्या ऑरिनची. पंप कुणी बिघडवला, ते व्हर्लनच्या मते यातच आलं.

टाकी काठोकाठ भरलेली. "संध्याकाळपर्यंत रिकामी नाही झाली, तर मी मुलीकडे चालले," असं बायकोनं, अर्डिसनं, सकाळीच बजावलं होतं. "आणि या हिवाळ्यात परत येत नाही." तिची बॅग दारात होती. अर्डिस बॅग उगाच भरत नसे.

व्हर्लननं तपासणीच्या दिव्याची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, दुसरी पंपाच्या तांबड्या तारेला. दिवा लागला. म्हणजे वीज येतेय. पंप नवाकोरा. मग अडतंय कुठं?

"अर्थिंगची तार बघितलीस का रे?" ऑरिननं विचारलं.

"तुला बरं ठाऊक, काय बघायचं ते!"

"मोटारघरात राहतो बाबा मीही."

व्हर्लनचे डोळे बारीक झाले. या ऑरिनचा त्याच्या सावलीच्या जागेवर पहिल्यापासून डोळा होता. त्यानंच पंपाचा पाइप तुंबवलाय की काय म्हणून व्हर्लननं तो मैल्याच्या खड्ड्यातून ओढून काढून आत डोकावून पाहिलं आणि तसाच वाळूत टाकला. मग पंपाचं बटण चालू ठेवून तो गाडीखाली सरपटला. अर्थिंगची तार गाडीच्या लोखंडी सांगाड्याला स्क्रूनं आवळलेली होती. स्क्रूच्या खाचेत ताजे ओरखडे!

"कुणीतरी हा खोललाय," तो खालून गरजला.

"तूच," दारातून अर्डिस म्हणाली. "परवा. सांगाड्याला रंग देताना. नीटनेटक्या गाडीचं बक्षीस हवं होतं ना तुला?"

व्हर्लननं ऐकलं नाही. पुरावा हवा म्हणून त्यानं स्क्रू ढिला करून तारेखालचा काळाभोर रंग खरवडला. खाली चकचकीत लोखंड दिसलं, तार त्याला टेकली, रंगानं अडलेली वीज वाहू लागली आणि पंप घरघरला.

वाळूतला पाइप सापासारखा उसळला. खुर्च्या उलथल्या, माणसं पांगली. एकट्या ऑरिननं झेप घेतली, पाइप दोन्ही हातांनी धरून खड्ड्यात कोंबला आणि टाकी रिकामी होईस्तोवर मान फिरवून धरून ठेवला.

अर्डिसनं बॅग आत नेली आणि येताना ऑरिनसाठी साबण, टॉवेल आणि भोपळ्याच्या गोड 'पाय' पेस्ट्रीचा मोठा तुकडा आणला.

व्हर्लन गाडीखालून बाहेर आला. सदरा झटकत त्यानं ऑरिनकडे बराच वेळ पाहिलं.

"अर्डिस," तो हळूच म्हणाला, "पण हा इतक्या जवळ बसला होता कशाला?"