ड्रायव्हरचं ताट

"एवढ्याने काय होतंय?" म्हणत रावजीशेठनी गोमाजीच्या ताटात आणखी दोन पुऱ्या टाकल्या. पुऱ्यांचं तेल ओघळत गुलाबजामाच्या पाकात गेलं.

त्याने मागितली होती एक भाकरी आणि बिनतेलाची पालेभाजी.

महाड सोडून पोलादपूरकडे निघालं की हायवेलगत रावजीशेठचं हॉटेल लागतं. गोमाजीची मुंबई-खेड लक्झरी रोज दुपारी तिथे थांबे. गाडी थांबवणाऱ्या ड्रायव्हरला आतल्या खोलीत ताट फुकट, हा हायवेचा रिवाज. त्या ताटाने गोमाजीचं पोट स्टिअरिंगला टेकलं होतं. यंदा नाते गावच्या हरिनाम सप्ताहात तो टाळ घेऊन कीर्तनकार बुवांच्या मागे उभा राहिला आणि अभंग रंगायच्या आतच त्याला धाप लागली. बुवांनी चाल संथ केली, आणि ती कुणासाठी केली हे साऱ्या मंडपाला कळलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, वजन उतरवा, नाहीतर पुढच्या वर्षी श्रोत्यांत बसा. देवापुढे उभं राहायचं सुख जाणार, या विचाराने गोमाजीची झोप उडाली होती.

पण ड्रायव्हर जेवण नको म्हणतो म्हणजे त्याचं दुसऱ्या हॉटेलशी जमलंय, एवढंच रावजीशेठना ठाऊक.

"कुणी काय देऊ केलंय, सांग ना. उद्यापासून पनीर करतो तुझ्यासाठी."

"तसा नाय वो, शेठ. डॉक्टरनं सांगितलंय."

"कुठला डॉक्टर? पुढच्या ढाब्यावरचा?"

गोमाजी ताट सारून उठला आणि बाहेर पाशिंजरांच्या बाकावर जाऊन बसला. त्यांचं साधं जेवण तरी पोटाला हलकं असेल, असं त्याला वाटलं. पोऱ्याने थाळी आपटली. कालच्या उसळीवर आजची लाल तर्री ओतलेली. पहिल्याच घासाला आंबूस, बुळबुळीत चव जिभेला चिकटली. इतकी वर्षं त्याने हे कधी चाखलंच नव्हतं. समोर त्याच्याच गाडीने खेडला लेकीकडे निघालेली तुळजाबाई तीच उसळ पाण्याच्या घोटाबरोबर गिळत होती.

"मावशी, टाका ती. नासलीय."

"मला वाटला, तू रोज हितंच थांबतोस, म्हंजे बराच असंल रे," ती म्हणाली.

गोमाजीने तोंडातला घास थाळीत काढला.

दुसऱ्या दिवशी गाडी हॉटेलापुढून तशीच निघाली. फाटकात उभ्या रावजीशेठनी वर केलेला हात किती तरी वेळ आरशात दिसत होता. पोलादपूरला झुणका-भाकर केंद्रापाशी गोमाजीने गाडी उभी केली. पंखा नाही, टेबल नाही, म्हणून पाशिंजर कुरकुरले. एकाने, इथे तुला काय मिळतं रे, असंही विचारलं. मग हळूहळू सगळे रांगेला लागले.

गोमाजी सगळ्यांच्या मागे उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा केंद्रातल्या बाईने भाकऱ्यांची रिकामी टोपली कलती करून दाखवली. तो तांब्याभर पाणी प्याला, तोंड पुसलं, आणि सगळे चढले का ते पाहत गाडीच्या दाराशी थांबला.