वाऱ्याकडची कणसं

एलुबेने कणीस सोललं आणि तिचा हात थांबला. पांढऱ्या दाण्यांच्या मधेमधे पिवळे दाणे होते, जणू कुणी मागाहून टोचून बसवलेले. तिच्या नवऱ्याने, लुफेयोने, दुसरं कणीस सोललं, घाईघाईने तिसरं. त्यांतही पिवळे.

हा मका एलुबेच्या आजीपासूनचा, दुधासारखा पांढरा. त्याच्या पिठाचा न्सिमा, उकडीसारखा घट्ट गोळा, ताटात वाढला की पाहुणे बियाणं मागत. पिवळा मका म्हणजे दुष्काळात ट्रकमधून आलेलं धान्य. त्याचं नाव काढलं तरी म्हातारी माणसं तोंड वाकडं करत. आणि गावात पिवळा मका एकानेच लावला होता, लुफेयोने, बांधापलीकडच्या पट्टीत. बहिणीने हौसेने दिलेलं बी.

तो या गावचा जावई. घर बायकोचं, जमीन तिच्या कुळाची, मुलगीही त्याच कुळाची. जावयाचं बिनसलं की बायकोचा मामा एवढंच म्हणे, "कुदळ उचल." मग कुदळ खांद्यावर टाकून आईच्या गावची वाट धरायची. शेजारचा जावई तसाच गेला होता.

दुपारी एलुबेचे बिलियातीमामा आलेच. कणीस हातात फिरवून म्हणाले, "आमच्या बियाण्यात तू आपलं मिसळलंस."

"नाही मामा. हे वाऱ्याने झालंय. माझ्या मक्याच्या तुऱ्यांची पूड उडून इकडे—"

"वाऱ्याने!" मामा कणसं सोलणाऱ्या बायकांकडे वळले. "ऐकलंत गं? जावईबापूंच्या गावाला वाऱ्याने पोरं होतात!"

बायका फिदीफिदी हसल्या. मामा हसले नाहीत. "अरे, दाणा कुणाच्या अंगावर धरतो? आईच्या. मग तो आईवरच जाणार. माणसात जसं, तसंच मक्यात. पिवळा निघाला म्हणजे पिवळंच पेरलं होतंस."

लुफेयोला बसवेना. तोही हेच ऐकत वाढला होता. पण तुरे आले तेव्हा बांधावर काम करताना खांद्यावर बसणारी ती पूड त्याला आठवत होती. चुकत असलो तर? तो उठला, भराभर शेताच्या पार टोकाला गेला, तिथली कणसं मोडून आणली. मग मधली आणली, मग बांधाजवळची. मामांच्या पायाशी तीन ढीग घातले.

"सोला मामा. तुम्हीच सोला."

मामांनी सोललं. लांबची कणसं पांढरीशुभ्र. मधल्यांत एखाददुसरा पिवळा. बांधाजवळच्यांत मात्र ओळीच्या ओळी.

"बी मिसळलं असतं तर सगळीकडे सारखं नसतं का निघालं?" लुफेयोने विचारलं.

मामांनी कणीस उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं. "पण बाप असा अंगावर दिसतो होय?"

एलुबे पाठीवरच्या मुलीला, चिकोंडीला, सावरत म्हणाली, "मामा, हिचे कान बघा. सुपासारखे. आपल्या कुळात आहेत का कुणाचे असे? तेही ह्यांनी चोरून पेरले म्हणायचं का?"

आता मात्र बायका पोट धरून हसल्या. एक म्हणाली, "चोरूनच पेरतात गं!" मामांनी खोकून हसू लपवलं.

"कुदळ राहू दे," ते उठत म्हणाले. "पुढच्या वर्षी तुझा पिवळा टेकडीमागे लाव. आणि हे दाणे आमच्या मक्याच्या ताटांवर धरले, तेव्हा तेही आमचेच. कोंबड्यांना घाला. बियाण्यात पांढराच दाणा जाईल."

लुफेयोने मान हलवली. राहायला मिळालं होतं. तरी जीव ठिकाणावर येईना. तो आणि एलुबे दाणे निवडायला बसले. पांढरे मडक्यात, पिवळे सुपात. सूप भरत गेलं तसे त्याचे हात मंदावले.

एलुबेने एक पिवळा दाणा उचलला आणि मडक्यात टाकला.

"अगं, चुकलीस."

"नाही चुकले, चिकोंडीचे बाबा," ती म्हणाली. "हात चालवा. मामा परत येतील बघायला."

त्याने मडक्याकडे पाहिलं. दाणा दिसत होता. त्याने ओंजळभर पांढरे दाणे घेतले आणि घाईने त्यावर ओतले.